जुन्या डॅटसन २४० झीचा तडकलेला डॅशबोर्ड नीट करायचाय? हात घालायच्या आधी हे वाचा

मी अमेरिकेत सॅक्रामेंटोजवळ राहतो आणि माझ्याकडे १९७२ची डॅटसन २४० झी आहे, म्हणजे निस्सानने डॅटसन नावाखाली विकलेली जुनी जपानी स्पोर्ट्स कार. घेतली तेव्हा इंजिन ठणठणीत होतं, खाली थोडा गंज होता, पण दार उघडून आत बसलं की समोर डॅशबोर्डवर सात मोठ्या चिरा आणि पावणेपाचला बंद पडलेलं घड्याळ. तो डॅशबोर्ड मी दोनदा केला. पहिल्यांदा चुकीचा केला, जूनमधल्या उन्हात सगळं परत उघडलं, मग उकरून दुसऱ्यांदा केला आणि आता तीन उन्हाळे झाले, एक रेघही आलेली नाही. हल्ली ओळखीतल्या दोघातिघांनी अशाच जुन्या जपानी गाड्या घेतल्यात आणि प्रत्येकाचा फोन आला की तेच प्रश्न असतात, म्हणून सगळं एकदा लिहूनच काढतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल: जुना पार्ट फेकू नका. कितीही फुटका असू दे, नवीन पार्ट बसून, चालून, महिनाभर तपासून होईपर्यंत जुना घरात पाहिजे. या गाडीचे काही क्लिप आणि ब्रॅकेट असे आहेत की हातात असलेला तुटका तुकडा हाच तुमचा नकाशा असतो.

चिरा पडतात का ते समजून घ्या, कारण दुरुस्ती त्यावरच ठरते. या डॅशच्या आत पत्र्याचा सांगाडा आहे, त्यावर फोम, आणि फोमवर व्हिनाइलची कातडी. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते वर्षानुवर्षं उन्हात उडून जातं, कातडी आखडते, खालचा फोम कडक होऊन भुगा होतो, पत्रा मात्र उन्हात फुगतो आणि रात्री आकसतो. म्हणजे ही चीर म्हणजे नुसता ओरखडा नाहीये, तिथे रोज हालचाल चालू असते. त्यामुळे तिथे जे काही भराल ते वाकणारं पाहिजे. कडक भरलं की फुटणार, आणि माझं पहिल्यांदा नेमकं तेच झालं.

१. आधी कागद आणि फोटो

हे जवळ ठेवा:

- गाडीचा टायटल (मालकीचा कागद) आणि रजिस्ट्रेशन
- तुमच्याच वर्षाचं फॅक्टरी सर्व्हिस मॅन्युअल
- तुमच्याच वर्षाचा वायरिंग डायग्राम
- पार्ट नंबरचा कॅटलॉग
- ओडोमीटरच्या (गाडी एकूण किती चालली ते दाखवणाऱ्या) आकड्याचा तारखेसकट फोटो

"तुमच्याच वर्षाचा" हे मी मुद्दाम म्हणतोय. २४० झी अमेरिकेत १९७० ते १९७३ मॉडेल म्हणून आली, बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात पण आतलं वायरिंग दरवर्षी थोडं थोडं बदललंय, मित्राचा डायग्राम घेऊन बसलात तर एक अख्खा रविवार जाईल.

आता सगळ्यात मोठा सापळा. अमेरिकेतल्या गाडीत एचएलएस३० ने सुरू होणारा चॅसी नंबर ज्या छोट्या पट्टीवर आहे ती पट्टी डॅशवरच, डाव्या कोपऱ्यात, काचेतून दिसेल अशी रिव्हेटने लावलेली असते. ही पट्टी काढणं किंवा दुसऱ्या डॅशवर लावणं हा कायद्याचा मामला आहे. दुरुस्तीसाठी गरज असली तर काही सूट असते, पण राज्याराज्यात नियम वेगळे, तेव्हा आधी तुमच्या राज्याच्या मोटार खात्यात विचारा आणि मगच ड्रिल हातात घ्या. मी ती पट्टी काढलीच नाही, तिच्यावर मास्किंग टेपचे तीन थर लावले आणि भोवतीने काम केलं. इंजिनाच्या बाजूने फायरवॉलवरही (इंजिन आणि आपण बसतो त्या भागामधली पत्र्याची भिंत) नंबर ठोकलेला असतो, त्याचाही फोटो काढून ठेवा.

फोटो किती काढायचे? मी चारशेच्या वर काढले आणि तरी दोन ठिकाणी कमी पडले.

२. हत्यारं

१० आणि १२चे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, प्लास्टिकच्या पट्ट्या ज्यांनी ट्रिम उचकटता येते, मल्टीमीटर, हीट गन, धारदार ब्लेड, ८० पासून ४०० पर्यंत सँडपेपर, चांगला मास्क. आणि एक गोष्ट जी नवीन माणसाला कुणीच सांगत नाही: जपानी स्क्रूसाठी जेआयएस, म्हणजे जपानी मापदंडाचा, स्क्रूड्रायव्हर. दिसायला तो अगदी फिलिप्ससारखाच असतो, पण फिलिप्स लावून जोर दिला की तो वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं गोल होतं. जुन्या जपानी गाडीतल्या निम्म्याहून जास्त स्क्रूंची डोकी अशीच आधीच्या मालकाने खाल्लेली असतात. काही स्क्रूंवर बारीक ठिपका दिसतो, तो दिसला की समजायचं हा जेआयएस. एक चांगला सेट घ्या, पैसे वसूल होतात.

स्क्रू ठेवायला मी घरातला मसाल्याचा डबा घेतला, सात वाट्या, प्रत्येक वाटीत चिठ्ठी. याहून चांगली सोय मला अजून सापडलेली नाही.

३. डॅश बाहेर काढणं

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं. मागच्या अँपिअर मीटरमधून मोठा करंट जातो, त्याच्या जाड वायरी चुकून बॉडीला टेकल्या तर हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, जळेल.

मग हा क्रम धरा: स्टीअरिंग व्हील (काढण्याआधी शाफ्टवर आणि व्हीलवर मार्करने खूण), स्टीअरिंग कॉलमची दोन कव्हरं, कॉलम खाली सोडायचे बोल्ट, ग्लव्ह बॉक्स आणि त्याचा पुठ्ठ्याचा आतला डबा, रेडिओ, हीटरच्या दांड्यांचं पॅनल, हवेच्या नळ्या, स्पीडोमीटरची केबल. पुठ्ठ्याचा डबा पन्नास वर्षांचा आहे, तो हळू काढा, कोपरे फाटतात. स्पीडोमीटरची केबल हाताने फिरवून सुटते, पक्कड लावू नका.

आधी गेज (स्पीडोमीटरसारखे काट्यांचे मीटर) काढायचे की अख्खा डॅश गेजसकट बाहेर आणायचा यावर दोन मतं आहेत. मी म्हणेन अख्खा बाहेर आणा. आडवं पडून वरती हात घालून गेज काढताना कडक झालेल्या वायरी ओढल्या जातात आणि सोल्डर सुटतं. डॅशचे बोल्ट काचेच्या बाजूला, दोन्ही टोकांना आणि मध्ये खाली असतात, सगळे सुटले की आधी हलवून बघा, अडकत असेल तर जोर लावायचा नाही, एखादा बोल्ट किंवा प्लग राहिलेला असतो. बाहेर आणताना दोन माणसं पाहिजेतच. वजन फार नाही पण लांबी आहे आणि चिरलेल्या जागी वाकवला तर चीर अजून पळते.

प्रत्येक प्लगला काढायच्या आधी टेपची चिठ्ठी लावा. वायरचे रंग तेवढेच धरून चालू नका, हिरवा आणि निळा आता एकसारखेच तपकिरी दिसतात.

आणि डॅश बाहेर आहे तोवर हीटरचे रबरी पाइप बदलून टाका, पंखा फिरतो का बघा, हीटर कोअर (हीटरमधला गरम पाण्याचा छोटा रेडिएटर) गळत नाही ना बघा. एरवी ते करायचं म्हटलं की डॅशखाली उलटं पडून तासन्‌तास झटापट.

४. कव्हर, नवीन, की मूळचाच?

तीन रस्ते आहेत. पहिला, वरून चिकटवायचं पातळ प्लास्टिकचं कव्हर, स्वस्त आणि एका दुपारचं काम. मी याच्या विरोधात आहे, कारण ते सिलिकॉनने चिकटवतात आणि पुढे कुणाला मूळचा डॅश नीट करायचा असेल तर कव्हर काढताना कातडी सोलून निघते. दुसरा, व्यावसायिक माणसाकडे पाठवून नवीन कातडी चढवून घेणं किंवा नवीन बनवलेला डॅश घेणं, याला हजारांत पैसे आणि महिन्यांत वेळ. तिसरा म्हणजे मूळचाच घरी दुरुस्त करणं, माझं सामान सगळं मिळून अडीचशे डॉलरच्या आत आलं. चिरा दहाबाराच्या आत असतील आणि फोम बहुतेक जागी घट्ट असेल तर तिसराच रस्ता धरा. दाबलं की सगळीकडे कुरकुर वाजत असेल तर मात्र दुसरा.

५. चिरा भरणं

इथे घाई करू नका. बाकी सगळं काम या एका पायरीवर उभं आहे.

आधी सफाई. पन्नास वर्षं मालकांनी या डॅशवर चकाकी आणणारे स्प्रे मारलेले असतात, त्यातलं सिलिकॉन रंगाला धरू देत नाही, रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. भांड्याचा साबण आणि कोमट पाणी, वाळवणं, मग मेण आणि ग्रीस काढायचं सॉल्व्हंट, दरवेळी नवीन पांढरं कापड. कापड काळं यायचं थांबेपर्यंत हे करा, माझं पाच वेळा झालं. आणि हे सँडपेपर लावायच्या आधी करायचं, नाहीतर तेच सिलिकॉन तुम्ही घासून आत घालता.

आता चीर नीट जवळून बघा. कडा उन्हात ठेवलेल्या पापडासारख्या वर वळलेल्या दिसतील. नवीन माणूस इथेच चुकतो, त्या कडा तशाच ठेवून मधली फट भरतो, वरून घासून सपाट करतो आणि खूश होतो. पण ती वळलेली कड खालच्या फोमपासून सुटलेली असते, ती परत उठणारच. म्हणून ब्लेड तिरकं धरून सुटलेली कड पूर्ण कापून काढा, जिथपर्यंत व्हिनाइल खाली घट्ट चिकटलंय तिथपर्यंत. छोटी चीर आता दोन बोटं रुंद खड्डा दिसेल. घाबरू नका, तसंच पाहिजे. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं छोटं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळणार नाही.

मग आतला भुगा झालेला फोम उकरा, खाली घट्ट फोम लागेपर्यंत. खोल खड्डा असेल तर कमी फुगणारा, वाळल्यावरही दबणारा फोम भरा, खिडक्या-दारांच्या फटींसाठी मिळतो तसा. एक दिवस वाळू द्या आणि पृष्ठभागाच्या ३-४ मिलिमीटर खाली कापून घ्या.

वर येतं ते फिलर. पत्र्याच्या डेंटवर लावतात ते कडक फिलर इथे अजिबात नको. मी पहिल्यांदा तेच वापरलं, घासायला सोपं, दिसायला आरशासारखं सपाट झालं, आणि पहिल्या मोठ्या उन्हाळ्यात त्याच्या दोन्ही बाजूंनी केसासारख्या रेघा आल्या. इथे प्लास्टिक बंपरच्या दुरुस्तीचं लवचिक, दोन भाग मिसळायचं फिलर लागतं, किंवा खास पॅडेड डॅशसाठी बनवलेलं मिळतं. घेताना खात्री करा की वाळल्यावर ते वाकतं. थोडं पुठ्ठ्यावर लावून, वाळवून, वाकवून बघा, कट्कन मोडलं तर परत करा.

पातळ थर द्या, दोन किंवा तीन, प्रत्येकाला डब्यावर लिहिलाय तेवढा पूर्ण वेळ. मग ठोकळ्यावर सँडपेपर लावून घासा, आधी ८०, मग १८०, मग ३२०. नुसत्या बोटांनी घासलं तर खड्डे पडतात. डोळ्यांवर विसंबू नका, डोळे मिटून तळहात फिरवा, तळहाताला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही. मग दिवे बंद करून एका टोकाला टॉर्च आडवा धरा, उंचवटा असेल तर लगेच सावली पडते. माझ्या डॅशवर स्पीडोमीटरच्या वरच्या गोलाईवर एकच जागा अशी होती, चार वेळा भरून चार वेळा घासली तेव्हा टॉर्चची सावली गेली.

या फिलरमधली आणि फोममधली रसायनं फुफ्फुसाला वाईट आहेत. धुळीचा साधा मास्क पुरेसा नाही, रसायनाच्या वाफेसाठी काडतूस लावलेला रबरी मास्क घ्या, गॅरेजचं दार उघडं ठेवा आणि मुलांना त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नका.

६. टेक्श्चर आणि रंग

मूळच्या व्हिनाइलवर चामड्यासारखे बारीक दाणे आहेत. भरलेली जागा गुळगुळीत राहिली तर कितीही रंग द्या, ठिगळ दिसणार. त्यासाठी टेक्श्चरचा स्प्रे मिळतो. जवळून मारला तर मोठे थेंब, लांबून मारला तर बारीक दाणे, आणि हे डब्यावर वाचून कळत नाही. मी जुन्या प्लास्टिकच्या तुकड्यावर वेगवेगळ्या अंतरावरून पट्टे मारले, प्रत्येकाखाली अंतर लिहिलं आणि तो तुकडा ग्लव्ह बॉक्सच्या वरच्या कडेपाशी धरून बघितला, कारण तिथे ऊन लागत नाही आणि मूळचे दाणे शाबूत असतात. ज्या पट्ट्याशी जुळलं त्या अंतरावरून मग अख्ख्या वरच्या भागावर मारलं. फक्त दुरुस्तीच्या जागी मारू नका, हद्द दिसते.

रंग व्हिनाइलसाठीचा लवचिक घ्या, काळा, कमी चकाकीचा. चकाकणारा रंग फोटोत छान येतो पण डॅशचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि दुपारी गाडी चालवताना पुढचं दिसत नाही. पातळ हात, चार-पाच.

७. गेज

२४० झीमध्ये समोर स्पीडोमीटर आणि टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा), आणि मध्ये चालकाकडे वळवलेले तीन छोटे: ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान एकात, अँपिअर आणि पेट्रोल एकात, आणि घड्याळ. सगळ्यात सुंदर भाग हाच आहे गाडीचा, असं मला मनापासून वाटतं.

काच प्लास्टिकची आहे, तिला काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे लावू नका, प्लास्टिकचं पॉलिश आणि मऊ कापड. काटा उपटू नका, त्याची बसायची जागा हलली की गेज कायमचा खोटं बोलतो. तबकडीवरचे आकडे छापलेले आहेत, ओल्या कापडाने पुसले तर उतरतात, नुसता मऊ ब्रश फिरवा.

पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकाच वेळी चुकीचं दाखवत असतील तर दोन्ही गेज खराब नाहीत. दोघांना करंट देणारा छोटा व्होल्टेज रेग्युलेटर गेजच्या आत असतो, संशय त्याच्यावर घ्या. नवीन माणूस इथे दोन गेज विकत घेतो.

टॅकोमीटरची गंमत वेगळी. सुरुवातीच्या वर्षांच्या २४० झीमध्ये इग्निशन कॉइलचा करंट टॅकोमीटरमधूनच जातो. म्हणजे टॅकोमीटर काढून गाडी सुरू करायला गेलात तर ती सुरूच होणार नाही. लोक स्पार्क प्लग बदलतात, कॉइल बदलतात, आणि कारण असतं टेबलावर ठेवलेला टॅकोमीटर. इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं असेल तर या जुन्या टॅकोमीटरचा काटा उड्या मारू शकतो, ते आधीच तपासा.

ओडोमीटरचं एक. स्पीडोमीटर बदलला आणि जुना आकडा ठेवता येत नसेल तर अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तो शून्यावर आणून, आधीचा आकडा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीला लावावी लागते. पावत्या जपून ठेवा, विकताना लागतील.

घड्याळ बहुतेक गाड्यांत बंदच असतं. माझं बाबांनी सुरू केलं. ते सांगलीहून आले होते, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा कपाळावर ढकलून भिंग लावलं, आणि म्हणाले, "अरे, मोडलेलं काही नाहीये, तेल वाळून गोंद झालाय." टाचणीच्या टोकावर घड्याळाच्या तेलाचा एक थेंब, तोही अर्धा, प्रत्येक चाकाच्या टोकाला. आधी जुनं तेल सॉल्व्हंटने धुवायचं, त्यावरच नवीन घालायचं नाही. १२ व्होल्ट दिले आणि टिकटिक सुरू.

दिव्यांच्या बाबतीत, एलईडी लावले तर उजेड भरपूर येतो पण डॅशचा डिमर त्यांच्यावर नीट चालत नाही. मी मूळचेच बल्ब ठेवले, आतले हिरवे फिल्टर धुतले, तो मंद प्रकाश मला पुरतो.

८. वायरिंग

प्रत्येक पितळी टोक साफ करा, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रश. फ्यूज बॉक्स मधल्या कन्सोलमध्ये झाकणाखाली आहे, त्याच्या क्लिप ढिल्या होऊन तापतात, प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर तो बदलाच. या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टीअरिंगवरच्या स्विचमधून जातो, रिले (मोठा करंट स्वतःवर घेणारा वेगळा छोटा स्विच) नाही. तो स्विच मिळायला अवघड आणि महाग आहे, म्हणून रिलेचा तयार हार्नेस लावून घ्या. मूळपणाचा मी आग्रही आहे, पण इथे नाही. आग लागली तर मूळपणा कुठून राहणार.

९. जपानहून पार्ट मागवताना

जपानमध्ये हीच गाडी १९६९च्या शेवटी फेअरलेडी झेड म्हणून आली. तिथल्या लिलावांच्या साइटवर पार्ट मिळतात, मध्ये एक एजंट घ्यावा लागतो. हे शब्द पाठ करा: जुनसेई म्हणजे कंपनीचा मूळ, शिनपिन नवीन, चूको वापरलेला, बिहिन चांगल्या अवस्थेतला, सेइहाई म्हणजे कंपनीने बनवणं बंद केलेला, आणि गेंजो-वाताशी म्हणजे आहे तसा, तक्रार चालणार नाही. हा शेवटचा शब्द वाचायचा राहिला म्हणून एका विक्रेत्याकडून मी मागवलेला ऑइल प्रेशरचा गेज आतून गंजलेला निघाला.

आणि लक्षात ठेवा, जपानची गाडी उजव्या स्टीअरिंगची. तिचा डॅश अमेरिकेतल्या डाव्या स्टीअरिंगच्या गाडीला बसत नाही, फोटोत किती सुंदर दिसू दे. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, तापमान सेल्सिअसमध्ये.

तुमची गाडी दुसरी असेल तर आधी अधिकृत डीलरकडे पार्ट नंबर विचारा. निस्सानने २०१७मध्ये आर३२ जीटी-आरचे पार्ट परत बनवायला घेतले, टोयोटाने पुढे ए७० आणि ए८० सुप्राचे, माझदाने पहिल्या रोडस्टरचे. २४० झीवाल्यांना मात्र जुने साठे, बाहेरच्यांनी नव्याने बनवलेले पार्ट आणि दुरुस्ती यावरच भागवायचंय.

१०. परत बसवणं

रंग झाल्यावर निदान एक आठवडा डॅशला हात लावू नका. बसवण्याआधी टेबलावरच बॅटरी लावून सगळे दिवे आणि गेज तपासा, मध्ये फ्यूज लावून. मग काढल्याच्या उलट क्रमाने. बोल्ट सगळे सैल लावा, डॅश काचेच्या कडेला सारखा बसला की मग एकेक आवळा, एक बाजू आधी आवळली तर दुसरीकडचं भोक जुळत नाही. अँपिअर मीटरच्या जाड वायरी शेवटी हाताने हलवून बघा, ढिली राहिली तर तापते.

बॅटरी जोडल्यावर लगेच चावी फिरवू नका. दहा मिनिटं वास घ्या, हात लावून कुठे गरम होतंय का बघा. मग हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर एकेक करून, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. पहिल्या महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की काचेला सनशेड लावा, आणि दर शनिवारी टॉर्च आडवा धरून भरलेल्या जागा बघा. नवीन रेघ आली तर ती पहिल्या दोन-तीन गरम दिवसांतच येते.